संत गोन्सालो गार्सिया आणि आमची लहान पापे

धर्मग्रामाच्या या महोत्सवसमयी आपल्याच महाराष्ट्रभूमीत जन्मलेल्या एका संताचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते. वसई आमच्या दवनीवाड्यापासून फार दूर, समुद्रकाठी आहे. परंतु त्या गावच्या या पुत्राचा धडा आमच्या धानाच्या बांधापर्यंत पोहोचणारा आहे.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसई येथे झाला. पिता पोर्तुगीज, माता या देशची. तेथील येशूसंघीय धर्मगुरूंच्या छायेत त्यांचे शिक्षण झाले. कोवळ्या वयातच ते त्यांच्यासह जपानास गेले, तेथील भाषा उत्तम शिकले आणि धर्मशिक्षक म्हणून त्यांनी कित्येक वर्षे सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र सफल झाली नाही. तेव्हा ते व्यापारात शिरले व भरभराटीस आले.

व्यापार करणे पाप नव्हे. देवासाठी पुष्कळ झाले, आता उरलेले आयुष्य आपले, अशी सबब निराश मनास सहज सापडली असती. आणि ऐकणाऱ्यांनी तीस दोषही दिला नसता. गोन्सालो यांनी ती सबब जवळ केली नाही. मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाचा सहवास घडताच त्यांनी व्यापार सोडला आणि धर्मगुरू नव्हे, तर साधा बंधू म्हणून त्या संघात आपले जीवन वाहिले.

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्या मंडळीसह ते दुभाषे म्हणून पुन्हा जपानास गेले. तेथील सत्ताधीश हिदेयोशी यांच्यासमोर ते उभे राहिले. पुढे क्योतो येथे या बंधूंनी मंदिर बांधले आणि कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. परंतु राजाची मर्जी फिरली. १५९६ च्या डिसेंबरात हे सर्व पकडले गेले. त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून, भर हिवाळ्यात त्यांस नागासाकीपर्यंत चालविण्यात आले. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा प्रापंचिक असे ते एकंदर २६ जण होते. त्यांत बारा वर्षांचा लुईस नावाचा एक मुलगाही होता. धर्म सोडशील तर जीव वाचेल, असे त्यास सांगण्यात आले असता त्या बालकाने नकार दिला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर त्या सर्वांस क्रुसावर बांधून भाल्यांनी ठार मारण्यात आले. १६२७ साली त्यांस धन्य व १८६२ साली संत म्हणून घोषित करण्यात आले. भारतभूमीत जन्मलेले पहिले संत ते हेच.

त्या मुलाकडून काय मागितले होते? केवळ जिभेवरचा एक शब्द. पुढे पश्चात्ताप करता येईल, देव दयाळू आहे, असे म्हणावयास वाव होता. आमची लहान पापे याच वाटेने घरात शिरतात. पायलीत मूठभर धान कमी भरले तर ते चालायचेच; भावाशी वर्षभर अबोला धरला तर दोष त्याचा; शेजारणीची निंदा केली तर खरे तेच बोललो. पापनिवेदनाच्या वेळीही आम्ही पाप थोडके आणि त्याचे कारण लांबलचक सांगतो. ख्रिस्तसभा प्राणघातक व क्षम्य पाप यांत भेद करिते, हे खरे. परंतु क्षम्य म्हणजे देवाने क्षमा करावी असे, आम्हीच आमचे समर्थन करून घ्यावे असे नव्हे. ज्या पापाची सबब तयार आहे, त्याचा पश्चात्ताप होत नाही. आणि ज्याचा पश्चात्ताप नाही, ते घर करून राहते.

गोन्सालो यांस क्रुसावर एकाएकी बळ आले नाही. दुकान सोडताना, सेवकाचे स्थान पत्करताना, रोग्याची जखम धुताना ते देवास थोडेथोडे सर्वस्व देत आले होते. शेवटी प्राण तेवढा उरला होता. महोत्सवाचे दीप आता विझतील व मंडप उतरेल. प्रत्येकाने आपली एक आवडती सबब वेदीपाशी सोडून घरी जावे, आणि ज्याचे माप कमी भरले असेल त्याचे ते उद्याच पुरे करावे, एवढीच आमची विनंती आहे.