वाल्डेमार हाफकिन : प्लेगची लस आणि शरीराचा दाह

मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्था सर्वपरिचित आहे. जिला त्यांचे नाव देण्यात आले, त्या वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात त्यांना एली मेचनिकॉफ हे गुरू लाभले. भक्षक पेशी जंतूंना गिळतात व दाह हा शरीराच्या बचावाचा भाग आहे, हा मेचनिकॉफ यांचा सिद्धान्त पुढे जन्मजात प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाचा पाया ठरला.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हाफकिन यांनी कॉलऱ्याची लस तयार केली व १८९२ मध्ये ती स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवल्यावर ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रयोगशाळा उभारली. उष्णतेने मारलेल्या जंतूंची लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचली. त्यांना ताप आला आणि टोचल्याच्या जागी वेदना झाल्या.

या तापाची लोकांना धास्ती वाटे. त्यामागील कार्यकारणभाव मात्र शतकानंतर स्पष्ट झाला. पेशींमधील संवेदक जंतूंच्या आवरणातील घटक ओळखून दाह सुरू करतात. जिवंत प्लेगजंतू मानवी शरीराच्या तापमानात हे आवरण बदलून संवेदकांना चकवतो आणि भक्षक पेशीत प्रथिने सोडून धोक्याचे संदेश दडपतो. ही दडपणूक जाणवल्यास पेशी फुटून मरण पत्करते व तिच्यातून बाहेर पडणारे संदेश इतर पेशींना सावध करतात. मृत जंतूला प्रथिने सोडून संदेश दडपणे शक्य नसते.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. हाफकिन यांना दोषी धरून पदावरून दूर करण्यात आले. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. त्यानंतर त्यांनी कलकत्त्यात काम केले. परंतु गेलेली वर्षे व पूर्वीचे स्थान त्यांना परत मिळाले नाही.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेस हाफकिन यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.