मतपेट्या जपणारा आयुक्त

निवडणुकांच्या खर्चाची चर्चा राजधानीत सुरू झाली की, बोट नेहमी चढत्या आकड्यांकडेच दाखविले जाते. १९५१-५२ मध्ये १० कोटी ४५ लाख रुपयांत पार पडलेला हा व्यवहार २०१४ मध्ये सुमारे ३,८७० कोटींवर गेला, हा तक्ता संसद भवनात वावरणाऱ्या अनेकांना तोंडपाठ आहे. या तक्त्याच्या दुसऱ्या ओळीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीचा खर्च तेथे ५ कोटी ९० लाख असा नोंदलेला आहे. पाच वर्षांत मतदार दोन कोटींनी वाढले आणि खर्च मात्र निम्म्याच्या जवळपास आला. एवढी मोठी घट त्यानंतर पुन्हा झालेली नाही. ती ज्यांच्या व्यवस्थेमुळे झाली ते सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून पाठ्यपुस्तकांत आहेत. पण त्यांच्या हिशेबी वृत्तीची दखल फारशी घेतली गेलेली नाही.

सेन यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस एका बंगाली कुटुंबात झाला. कलकत्त्याचे प्रेसिडेन्सी कॉलेज आणि पुढे लंडन विद्यापीठ असे त्यांचे शिक्षण झाले. गणितात त्यांनी सुवर्णपदक मिळविले होते. १९२१ मध्ये ते सनदी सेवेत दाखल झाले. बंगालच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत त्यांनी काम केले, न्यायाधीशपदही भूषविले आणि स्वातंत्र्याच्या सुमारास पश्चिम बंगालच्या मुख्य सचिवपदापर्यंत ते पोहोचले. (पुढे केंद्रीय कायदामंत्री झालेले अशोक सेन हे त्यांचे धाकटे बंधू.) मार्च १९५० मध्ये ते मुख्य निवडणूक आयुक्त झाले. त्याच्या पुढच्याच महिन्यात लोकप्रतिनिधित्व कायद्याचे विधेयक संसदेपुढे आले आणि १९५१ च्या वसंत ऋतूतच निवडणुका व्हाव्यात, अशी अपेक्षा पंतप्रधान नेहरूंनी व्यक्त केली. सेन यांनी ही घाई मानली नाही. मतदारसंघांची आखणी अपुरी होती, याद्या कच्च्या होत्या आणि मतपेटी नावाची वस्तू तर अस्तित्वातच नव्हती.

सेन यांच्या हाती आलेली यंत्रणा कोणत्या प्रकारची होती, हे येथे पाहिले पाहिजे. राज्यघटनेच्या मूळ मसुद्यात राज्य विधिमंडळांच्या निवडणुकांसाठी वेगळे आयोग नेमण्याची तरतूद होती. जून १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ती बदलून घेतली आणि संसद व सर्व राज्ये यांच्यासाठी एकच केंद्रीय आयोग असावा, असे ठरले. या बदलामागचा मुख्य विचार निःपक्षपातीपणाचा होता. प्रांतिक सरकारे काही समाजगटांना यादीबाहेर ठेवतील, ही भीती तेव्हा निराधार नव्हती. परंतु या निर्णयाला काटकसरीचेही एक अंग होते. लोकसभेसाठी आणि विधानसभेसाठी यादी एक, अधिकारी तेच, मतदान केंद्रही तेच. लोकसभेच्या ४८९ आणि विधानसभांच्या ३,२८३ जागांसाठी सेन यांना एकाच वेळी मतदान घ्यावयाचे होते, आणि ते त्यांना घेता आले ते या एकसंध रचनेमुळेच. नगरपालिका व जिल्हा मंडळे यांना मात्र या रचनेत स्थान नव्हते. त्यांच्या निवडणुका राज्य सरकारांच्या मर्जीवर सोपविण्यात आल्या. त्याची किंमत पुढे चार दशके मोजावी लागली.

मतदार १७ कोटी ३२ लाख. १९५१ च्या जनगणनेनुसार साक्षरता अठरा टक्क्यांच्या आसपास. मतपत्रिकेवर नाव वाचून खूण करणे बहुसंख्यांना अशक्य होते. त्यावर काढलेला उपाय साधा होता, पण महागडा. प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. उमेदवार पाच असतील, तर केंद्रावर लोकसभेच्या पाच पेट्या आणि विधानसभेच्या आणखी तितक्याच किंवा त्याहून अधिक. परिणामी देशभर वीस लाखांहून अधिक पोलादी पेट्या कराव्या लागल्या आणि त्यासाठी सुमारे ८,२०० टन पोलाद लागले. पोलादाचा तुटवडा असलेल्या, पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या देशात ही मागणी लहान नव्हती. यांतील बारा लाखांहून अधिक पेट्या एकट्या गोदरेजच्या विक्रोळी येथील कारखान्यात तयार झाल्या. कुलपे व तिजोऱ्या करणाऱ्या कारागिरांकडे हे काम गेले, हे योग्यच झाले. आतून बंद होणारी आणि बाहेरून छेडता न येणारी पेटी करणे हे त्यांचेच काम होते. मतपत्रिका नाशिकच्या प्रतिभूती मुद्रणालयात छापल्या गेल्या. त्यांवर उमेदवारांची नावे नसल्याने प्रत्येक मतदारसंघासाठी वेगळी छपाई करण्याची गरजच उरली नाही. पेट्यांवर झालेल्या खर्चाचा काही भाग अशा रीतीने छपाईत भरून निघाला असणार.

याद्यांसाठी साडेसोळा हजार कारकून सहा महिन्यांच्या करारावर घेण्यात आले. यादीच्या छपाईला तीन लाख ऐंशी हजार रीम कागद लागला. २ लाख २४ हजार मतदान कक्ष उभारले गेले आणि तितकेच पोलीस बंदोबस्तास लागले. पहिले मतदान २५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचलातील चिनी तहसिलीत झाले, कारण बर्फ पडू लागल्यावर तेथे पोहोचणे शक्य नव्हते. शेवटचे मतदान फेब्रुवारी १९५२ च्या उत्तरार्धात झाले.

एवढा सगळा हिशेब मांडला, तर दर मतदारामागे साठ पैसे, म्हणजे त्या वेळच्या चलनात साडेनऊ आण्यांच्या आसपास खर्च आला. उमेदवारांचा व पक्षांचा खर्च यात अर्थातच धरलेला नाही. आजही सरकारी तक्त्यात तो नसतो, आणि वाद घालणारे पुष्कळदा हे दोन्ही हिशेब एकमेकांत मिसळून टाकतात.

खर्च वाचविण्यासाठी मतदार कमी करण्याचा मार्ग सेन यांना उपलब्ध होता. प्रौढ मताधिकाराचा प्रयोग टप्प्याटप्प्याने करावा, असे म्हणणारे लोक तेव्हा होते आणि ते सारेच प्रतिगामी नव्हते. त्या मार्गाने सेन गेले नाहीत. पण एका ठिकाणी त्यांनी घेतलेला निर्णय आजही बोचतो. उत्तरेकडील अनेक राज्यांत स्त्रियांनी यादीत स्वतःचे नाव न देता अमक्याची पत्नी, तमक्याची आई एवढीच नोंद करविली होती. नाव दिल्याखेरीज नोंद ग्राह्य धरू नये, असा आदेश सेन यांनी दिला. नावे मिळविण्यासाठी मुदत वाढविली गेली, प्रचारही झाला. तरी अखेर सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद वगळली गेली. मतदार ही स्वतंत्र व्यक्ती आहे, ती कोणाची तरी नातलग म्हणून मतदान करीत नाही, हा त्यामागचा विचार तत्त्वतः चोख होता आणि पुढील निवडणुकीत त्याचा लाभही झाला. मात्र या तत्त्वाची किंमत ज्यांनी चुकविली, त्यांना विचारण्यात आले नव्हते. १० कोटी ४५ लाखांच्या आकड्यात ही किंमत दिसत नाही.

पहिली निवडणूक आटोपताच सेन यांच्यापुढे एक कारकुनी वाटणारा प्रश्न उभा राहिला. या लक्षावधी पेट्यांचे करायचे काय? मोडीत काढल्या असत्या, तर पोलादाचे चार पैसे तत्काळ हाती आले असते. पेट्या जपून ठेवायच्या, तर जिल्ह्याजिल्ह्यांत कोठारे, गंज, चोरी, मोजदाद हे सगळे व्याप मागे लागणार होते. सेन यांनी पेट्या जपल्या. १९५७ मध्ये नव्या पेट्या लागल्या त्या अवघ्या पाच लाखांच्या घरात. तोवर याद्यांचा पाया घातलेला होता आणि कर्मचाऱ्यांना कामाची ओळख झालेली होती. साडेचार कोटींची बचत झाली. दर मतदारामागे खर्च तीस पैशांवर आला. मतदानाचा मोठा भाग त्या वर्षी मार्चपर्यंत आटोपला आणि एप्रिलपासून दशमान नाणी चलनात आली. तेव्हा हे तीस पैसे मोजायला नवे पैसेही नुकतेच हाताशी आले होते.

ही बचत मतदान केंद्रे घटवून किंवा मतदार गाळून झालेली नाही. पहिल्या वेळचा खर्च सेन यांनी भांडवली खर्च मानला आणि त्याचा लाभ दुसऱ्या वेळी घेतला. निवडणुकीचा खर्च केवळ वारंवारतेने वाढतो, असे आज गृहीत धरले जाते. वस्तुतः तो कोणते साहित्य किती काळ टिकते आणि ते कोणाच्या ताब्यात राहते, यावरही तितकाच अवलंबून असतो.

दरम्यानच्या काळात राज्यांच्या स्वतंत्र निवडणुका घेण्याची वेळही सेन यांच्यावर आली. एकत्र निवडणुकांचे ते सुवर्णयुग होते, अशी समजूत आज रूढ आहे. प्रत्यक्षात १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीन व पेप्सू येथे आणि १९५५ मध्ये नव्या आंध्र राज्यात विधानसभेसाठी स्वतंत्रपणे मतदान घ्यावे लागले. आंध्रमधील सदस्यांची मुदत शिल्लक असल्याने १९५७ मध्ये आंध्र प्रदेशात केवळ तेलंगण भागातच विधानसभेचे मतदान झाले. सरकारे पडतात, राज्ये फुटतात, जोडली जातात. वेळापत्रक राजकारणाला आवरू शकत नाही, हा अनुभव पहिल्या पाच वर्षांतच आला होता. सेन यांनी या स्वतंत्र निवडणुका घेतल्या. जुन्या पेट्या व तयार याद्या हाताशी असल्याने त्या घेणे जड गेले नाही.

आजच्या नियमानुसार लोकसभेच्या निवडणुकीचा खर्च केंद्राने आणि विधानसभेच्या निवडणुकीचा त्या राज्याने करायचा असतो. दोन्ही एकत्र झाल्यास तो निम्मा-निम्मा वाटला जातो. एकत्र निवडणुकांच्या बाजूने दिला जाणारा काटकसरीचा मुद्दा बव्हंशी येथे आधार शोधतो. कोविंद समितीचा अहवाल मार्च २०२४ मध्ये आला आणि १२९ व्या घटनादुरुस्तीचे विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडले गेले. परंतु दोन्ही मतदाने एकत्र घ्यायची म्हणजे प्रत्येक केंद्रावर यंत्रांचे दोन संच हवेत. यंत्राचे आयुष्य पंधरा वर्षांचे धरले, तर दर पंधरा वर्षांनी सुमारे दहा हजार कोटी रुपये नव्या यंत्रांसाठी लागतील, असा अंदाज आयोगानेच सरकारला कळविला होता. विक्रोळीची पेटी रंग लावून पुन्हा वापरता येत असे, यंत्राचे तसे नाही. वाहतूक, बंदोबस्त आणि कर्मचारी यांवरील बचत खरी असली, तरी ती या आकड्याशेजारी ठेवूनच मोजली पाहिजे.

समितीने शंभर दिवसांच्या आत स्थानिक निवडणुका घेण्याची शिफारस केली होती. विधेयकात मात्र स्थानिक संस्था नाहीत. १९४९ मध्ये राहिलेली जागा ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये भरून निघाली आणि राज्य निवडणूक आयोग स्थापन झाले. त्यांचा खर्च राज्यांकडे आहे. याद्या मात्र अनेक ठिकाणी, महाराष्ट्रासह, विधानसभेच्याच घेऊन प्रभागवार फोडल्या जातात. म्हणजे सेन यांच्या एकाच यादीचा उपयोग येथवर झिरपला आहे. तरीही निवडणूक वेळेवर होईल, याची शाश्वती नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. विलंबाची कारणे आरक्षण व प्रभागरचनेच्या वादांत होती, पैशाच्या टंचाईत नव्हे. मधल्या काळात देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेचा अर्थसंकल्प प्रशासक मंजूर करीत होते. निवडणूक न झाल्याने खर्चही झाला नाही, असे कोणी म्हटले, तर हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबरच ठरेल.

सेन यांचा लौकिक देशाबाहेरही गेला. १९५३ मध्ये सुदानमध्ये पहिली संसदीय निवडणूक झाली, तेव्हा तेथील आंतरराष्ट्रीय निवडणूक आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. १९५४ मध्ये पद्मभूषण किताब सुरू झाला, त्या पहिल्याच यादीत त्यांचे नाव होते. पहिल्या निवडणुकीचा अहवाल आयोगाने १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. आज अशोक मार्गावरील निर्वाचन सदनात बसणाऱ्यांनीही तो एकदा चाळावा, इतका तो तपशीलवार आहे. पेट्या, शाई, कागद, पोलीस, बैलगाड्या हे सारे त्यात आहे. स्वतः सेन त्यात जवळजवळ नाहीत.

डिसेंबर १९५८ मध्ये ते पदमुक्त झाले आणि के. व्ही. के. सुंदरम त्यांच्या जागी आले. नावाशेजारी खूण करण्याची मतपत्रिका १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत आली आणि प्रत्येक उमेदवाराला वेगळी पेटी देण्याची गरज संपली. त्या निवडणुकीचा खर्च ७ कोटी ३२ लाख झाला. तोवर सेन १९६० मध्ये स्थापन झालेल्या बर्दवान विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले होते. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले. आठवणी त्यांनी लिहून ठेवल्या नाहीत. त्यांनी जपलेल्या पेट्यांपैकी पुष्कळ तेव्हाही जिल्हा कचेऱ्यांच्या कोठारांत होत्या.