हँडल लटपटतंय? आधी बर्ट मन्रोला भेटा

साठचा स्पीड, रिकामा रस्ता. तुम्ही थ्रॉटल सोडता आणि हँडल अचानक डावी-उजवीकडे थरथरायला लागतं. ज्याने हे अनुभवलंय त्याला पुढची दोन सेकंदं किती लांब असतात ते सांगायला नको. गॅरेजमध्ये उत्तर ठरलेलं असतं: कोन सेट गेलाय, बदलू. माझाही बदलला. पैसे गेले, वबल तसंच राहिलं. दोष निघाला पुढच्या टायरमध्ये, एका बाजूने खाल्लेला होता.

तेव्हापासून वबलचा विषय निघाला की मला न्यूझीलंडचा एक म्हातारा आठवतो. बर्ट मन्रो. २००५ साली त्याच्यावर 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' हा सिनेमा आला, अँथनी हॉपकिन्सचा. नावावरून फसू नका, इंडियन हे अमेरिकन बाइक कंपनीचं नाव आहे.

मन्रोचा जन्म १८९९ चा, देशाच्या पार दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिलच्या परिसरात. १९२० मध्ये त्याने नवीकोरी इंडियन स्काउट घेतली. ६०० सीसीची, टॉप स्पीड ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर. आजची साधी १०० सीसी गाडीही एवढी पळते. १९२६ पासून त्याने ती खोलायला सुरुवात केली आणि मग आयुष्यभर तेच केलं. दिवसा बाइक विकायची, दुरुस्त करायची, रात्री स्वतःच्या गाडीवर काम. पुढे तर तो शेडमध्येच राहायला गेला. पिस्टन जुन्या डब्यांत ओतून घरीच बनवायचा. मोजमापाला मायक्रोमीटर नव्हता, चाकाचा जुना स्पोक होता. फुटलेले पार्ट एका फळीवर मांडून ठेवलेले, वेगाच्या देवाला दाखवलेला नैवेद्य म्हणून! ती फळी गच्च भरलेली होती.

पहिल्या सरावाच्या जागा म्हणजे गावाजवळचा ओरेटी बीच वगैरे. मग अमेरिकेतल्या युटा राज्यातलं बॉनविल, मिठाचं सपाट मैदान, जिथे वेगाचे विक्रम होतात. तिथे तो नऊ वेळा धावला आणि १९६२, १९६६ आणि १९६७ मध्ये विक्रम केले. शेवटच्या वेळी त्याचं वय ६८ होतं आणि गाडीचं ४७. इंजिन तोवर ९५० सीसीचं झालं होतं, वर माशाच्या आकाराचं फायबरग्लासचं कवच.

आता आपल्या कामाचा भाग. त्याच १९६७ मध्ये बॉनविलवर एका रनच्या मध्यावर गाडीला वबल लागलं. वेग कमी करायला मन्रो वाकलेला होता तो उठून बसला. वाऱ्याच्या माऱ्याने गॉगल उडून गेला, डोळ्यांना काही दिसेना. गाडी मार्गाच्या काळ्या रेषेपासून खूप दूर गेली होती आणि एक लोखंडी खुंट काही इंचांनी चुकला. शेवटी त्याने गाडी आडवी घातली. खरचटण्यापलीकडे फारसं लागलं नाही. नशीबच म्हणायचं.

उठून बसण्यात गोम अशी की वारा मग उंचावर ढकलतो आणि पुढच्या चाकावरचा भार हलका होतो. पुढचं चाक हलकं झालं की हँडलला लटपटायला रानच मोकळं. डिलिव्हरीची मोठी बॅग किंवा मागे जड टॉप बॉक्स असला की हेच होतं, फक्त कमी वेगात.

मुळात वबल म्हणजे काय? पुढचं चाक वाकडं झालं की रस्त्याचं घर्षण त्याला सरळ करतं. पण ते सरळ होऊन थांबत नाही, पलीकडे जातं, परत येतं. कुठे ढिलेपणा असेल किंवा चाक मागून ढकलत असेल तर ही झुल शमत नाही. आणि इथे मोबाइल कामाला येतो.

१८ इंची चाकाचा घेर साधारण १.८७ मीटर. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला जवळपास ९ वेळा फिरतं, ४० ला ६ वेळा. फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने बनवलेलं. ते फोनच्या अ‍ॅक्सेलरोमीटरवरून थरथर सेकंदाला किती वेळा होतेय ते दाखवतं. फोन गाडीला घट्ट बांधा, रेकॉर्डिंग निघण्याआधीच सुरू करा, चालवताना स्क्रीनकडे बघू नका. (हँडलच्या सततच्या हादऱ्यांनी काही फोनचे कॅमेरे बिघडतात, म्हणून रोज तिथे लावू नका.) वेगाबरोबर आकडा बदलत गेला, ६ चा ९ झाला, तर संशय चाकावर: टायर, बॅलन्स, वाकडी रिम. वेग कोणताही असो, आकडा तोच राहिला तर बघा हँडलकडे.

चाक तपासायला गाडी डबल स्टँडवर लावा, पुढचं चाक उचलून फिरवा आणि स्लो मोशन व्हिडिओ घ्या. रिम आणि शॉकअपमधलं अंतर कमी-जास्त होताना स्पष्ट दिसतं. हवा मोजा, टायरवरून हात फिरवा. मग शॉकअपचं खालचं टोक धरून मागे-पुढे ढकला. टकटक जाणवली तर कोन सेट ढिला. हँडल फिरवताना मध्यभागी खाच लागल्यासारखं अडकलं तर तो खरंच गेलाय, बदला. आणि नुकतीच चेन टाइट केली असेल तर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का बघा. हे बऱ्याचदा राहून जातं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

आणि चालू गाडीत वबल लागलंच तर? पुढचा ब्रेक जोरात दाबू नका, हँडल आवळू नका. गुडघ्यांनी टाकी धरा, अंग थोडं पुढे घ्या, थ्रॉटल हळूहळू सोडा. उठून मात्र बसू नका.

मन्रो १९७८ मध्ये गेला. त्याच्या १९६७ च्या विक्रमाचा आकडा चुकीचा मोजलाय हे पुढे त्याच्या मुलाच्या, जॉनच्या लक्षात आलं. २०१४ मध्ये तो दुरुस्त झाला: ताशी १८४.०८७ मैल, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटर. ती बाइक आजही इन्व्हरकार्गिलमध्येच आहे, एका हार्डवेअरच्या दुकानात.