कोसंबी : आक्षेप छपाईआधी आणि छपाईनंतर

जालना म्हटले की बियाणे आठवते. 1964 साली ‘महिको’ याच शहरात सुरू झाली आणि संकरित वाणांसाठी जिल्ह्याचे नाव देशभर गेले. नवे वाण घडवताना पिकाच्या गुणसूत्रावर कोणते जनुक कुठे आहे, याचा नकाशा उपयोगी पडतो. असे नकाशे काढताना जगभर वापरले जाणारे एक सूत्र पुण्यातील गणिताच्या एका प्राध्यापकाच्या नावाने ओळखले जाते. ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी.

कोसंबींचा जन्म 31 जुलै 1907 रोजी गोव्यातील कोसबेन येथे झाला. बौद्ध विद्येचे पंडित धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. 1929 साली हार्वर्डची पदवी घेऊन ते परतले. बनारस आणि अलीगढ येथे शिकवून पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात आले.

शोधनिबंध नियतकालिकाकडे गेला की संपादक तो त्या विषयातील जाणकारांना दाखवतो. ते शंका काढतात, दुरुस्त्या सुचवतात. लेखकाने प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायचे, चूक असेल तर सुधारायची. तरुण कोसंबींना या जाणकारीचा लाभ झाला. 1933 साली जर्मनीतील ‘माथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’मध्ये त्यांचा भूमितीवरील लेख आला आणि त्याला लागूनच फ्रान्सचे थोर गणितज्ञ एली कार्तां यांची त्यावरील निरीक्षणे छापली गेली. पुढे चर्न यांनी त्यात भर घातली. आज हा सिद्धांत तिघांच्या नावाने ओळखला जातो.

जनुकांचे सूत्र 1944 चे, ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’मधले. गुणसूत्रावर एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते. हाल्डेन यांच्या आधीच्या सूत्रात हे धरलेले नव्हते, कोसंबींनी ते धरले. दोन जनुकांत 20 टक्के पुनर्संयोग आढळला, तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर 25.5 सेंटिमॉर्गन येते आणि कोसंबींच्या सूत्राने 21.2.

1959 साली मात्र वेगळे घडले. गणितातील सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक, रीमान यांचे गृहीतक, संख्याशास्त्राच्या वाटेने सुटते असा निष्कर्ष निघणारा लेख त्यांनी भारतीय कृषी संख्याशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापला. अविभाज्य संख्यांचे जाणकार त्या नियतकालिकाचे वाचक नव्हते. मांडणीतील उणिवा छपाईनंतर पुढे आल्या, त्याही टीका आणि थट्टेच्या रूपात. जो आक्षेप हस्तलिखितावर आला असता तर दुरुस्ती ठरला असता, तो छापील पानावर नामुष्की ठरला.

1962 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. त्यामागे इतर मतभेदही होते, पण या लेखाने प्रतिष्ठेला बसलेला धक्का लहान नव्हता. कोसंबींनी विषय सोडला नाही. 1963 साली अविभाज्य संख्यांवरचा त्यांचा छोटा लेख अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. 29 जून 1966 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

रीमान यांचे गृहीतक अजून सिद्ध व्हायचे आहे. जनुकांच्या नकाशावर मात्र कोसंबींचे नाव आजही रोज वापरात आहे.