वाळूच्या कणाने मोजलेली रक्तपेशी

अँटनी व्हॅन लेव्हेनहूक यांचा जन्म १६३२ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात झाला. व्यवसाय कापडाचा. विद्यापीठाचे शिक्षण नाही, लॅटिनही येत नव्हते. पण स्वतः घडवलेल्या इवल्याशा भिंगांतून जे दिसे, ते १६७३ पासून ते लंडनच्या रॉयल सोसायटीला डच भाषेत पत्राने कळवू लागले.

अडचण एकच होती. जे कोणी पाहिलेलेच नाही, ते किती लहान हे सांगायचे कसे? मायक्रॉनसारखे एकक तेव्हा नव्हते. मग त्यांनी वाळूचा कण, धान्याचा बारीक दाणा, डोक्यावरचा केस आणि उवेचा डोळा यांनाच मापे केले. बारीक वाळूच्या एका कणाएवढ्या जागेत २५,००० तांबड्या रक्तपेशी मावतील, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे कणाच्या रुंदीत ओळीने सुमारे तीस पेशी. आज या पेशीची रुंदी ७ ते ८ मायक्रॉन मानतात. त्यांचे माप याच्या अगदी जवळ होते. माशांच्या रक्तपेशीतला मधला ठिपका, म्हणजे पेशीकेंद्रकही त्यांनी टिपले.

१६७६ मध्ये त्यांनी पाण्यातील सूक्ष्मजीवांविषयी लिहिले, तेव्हा सोसायटीला ते पटेना. त्यांनी डेल्फ्टमधील प्रतिष्ठितांच्या लेखी साक्षी पाठवल्या. १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी तेच जीव सदस्यांना दाखवले आणि शंका मिटली. १६८० मध्ये हा कापडव्यापारी सोसायटीचा सदस्य झाला. १७२३ मध्ये, नव्वदाव्या वर्षी निधन होईपर्यंत त्यांची पत्रे सुरूच होती.