बिग बँगची कल्पना मांडणारा पाद्री, ज्याला विज्ञानात देवाचा पुरावा नको होता

गोष्ट आहे १९५१ सालची.

२२ नोव्हेंबरला व्हॅटिकनमध्ये पोप पायस बारावे शास्त्रज्ञांसमोर बोलायला उभे राहिले. विश्वाला एक सुरुवात होती, असं आता विज्ञानच सांगतंय. म्हणजे जग देवाने निर्माण केलं या श्रद्धेला विज्ञानाचा दुजोरा मिळाला, असा भाषणाचा सूर होता.

कुठल्याही पाद्र्याला आनंद व्हावा अशीच ही बातमी. पण ज्या पाद्र्याने विश्वाच्या सुरुवातीचा सिद्धांत मांडला होता, तेच अस्वस्थ झाले. त्यांचं नाव जॉर्ज लमेत्र.

लमेत्र यांचा जन्म १८९४ चा, बेल्जियममधल्या शार्लरवा शहरातला. इंजिनिअरिंग शिकत असतानाच पहिलं महायुद्ध पेटलं. ते सैन्यात गेले, तोफखान्यात लढले, शौर्यपदकही मिळवलं. परत आल्यावर इंजिनिअरिंग सोडून त्यांनी गणित आणि भौतिकशास्त्र धरलं आणि १९२३ मध्ये ते पाद्रीही झाले. त्याच वर्षी ते केंब्रिजला आर्थर एडिंग्टन यांच्याकडे शिकायला गेले. पुढे अमेरिकाही गाठली.

१९२७ मध्ये त्यांनी आइन्स्टाईन यांच्या समीकरणांवरून दाखवून दिलं की विश्व स्थिर नाही, ते प्रसरण पावतंय. हा लेख छापून आला ब्रसेल्सच्या सायंटिफिक सोसायटीच्या नियतकालिकात. श्रद्धा आणि विज्ञान यांच्यात खरं भांडण नाही, असं मानणाऱ्या कॅथलिक शास्त्रज्ञांनी १८७५ मध्ये ही संस्था काढली होती. पण लेख फ्रेंचमध्ये होता, तो फारसा कुणी वाचलाच नाही. आइन्स्टाईन यांनीही त्यांना सांगितलं की गणित बरोबर आहे, पण भौतिकशास्त्र पटत नाही.

१९२९ मध्ये हबल यांची निरीक्षणं आली आणि चित्र पालटलं. १९३१ मध्ये लमेत्र आणखी पुढे गेले. विश्व प्रसरण पावत असेल, तर मागे जात जात ते एका 'आदिअणू'पाशी पोहोचतं, असं त्यांनी मांडलं. याच कल्पनेला १९४९ मध्ये फ्रेड हॉयल यांनी बीबीसी रेडिओवर बिग बँग म्हटलं. गंमत म्हणजे हॉयल या कल्पनेचे विरोधक होते. आपले जयंत नारळीकर पुढे केंब्रिजमध्ये याच हॉयल यांचे विद्यार्थी झाले.

आता प्रश्न असा, की पोपच्या भाषणाने लमेत्र अस्वस्थ का झाले?

एक तर तेव्हा सिद्धांताला भक्कम पुरावा नव्हता. उद्या तो चुकीचा ठरला, तर त्याच्या आधारावर उभी केलेली श्रद्धाही डळमळणार. दुसरं म्हणजे, हे विज्ञान नसून धर्मप्रचार आहे, असं म्हणायला विरोधकांना आयतं कारण मिळणार. लमेत्र यांच्या मते बायबल हे भौतिकशास्त्राचं पुस्तक नव्हतं आणि समीकरणांतून देव शोधायचा नव्हता.

त्यांनी आपलं म्हणणं पोपच्या विज्ञान सल्लागारांपर्यंत पोहोचवलं. १९५२ मध्ये रोमला जगभरातले खगोलशास्त्रज्ञ जमले. पोप त्यांच्यासमोर बोलले, पण तो दावा त्यांनी पुन्हा केला नाही.

१९६० मध्ये लमेत्र व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांनी विश्वाच्या बाल्यावस्थेतून उरलेलं प्रारण सापडल्याचं जाहीर केलं. ही बातमी लमेत्र यांना आजारपणात कळली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २० जून १९६६ रोजी ते गेले. त्यांच्या सिद्धांताला पुरावा मिळाला होता, तोही रेडिओ अँटेनातून.

२०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने हबलच्या नियमाला हबल–लमेत्र नियम म्हणावं, अशी शिफारस केली.