ऑक्सिजनचे झटके स्वतःच्या अंगावर घेणारे हॅल्डेन, ज्यांनी शेवटचा श्वास भुवनेश्वरमध्ये घेतला

कॅन्सरचं रेडिएशन, म्हणजे पेशंटच्या भाषेत शेक, संपलं की माणसाला सुटल्यासारखं वाटतं. पण काही जणांचा त्रास त्यानंतर सुरू होतो. कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी. शेक बसलेल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, तिथं ऑक्सिजन पुरत नाही. मग कुणाच्या जबड्याचं हाड मरतं, कुणाच्या लघवीतून रक्त जातं.

अशा काही पेशंटना डॉक्टर हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी सुचवतात. बंद चेंबरमध्ये दाब नेहमीच्या दोन ते अडीच पट करायचा आणि साधारण दीड तास शुद्ध ऑक्सिजन द्यायचा. हे तीस-चाळीस वेळा.

यात एक गोची आहे. जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन विषारी ठरतो. फ्रान्सच्या पॉल बर्ट यांनी प्राण्यांना त्याचे झटके येतात हे १८७८ मध्येच दाखवलं होतं. पण माणूस किती सहन करतो? हे शोधायला जे लोक स्वतः चेंबरमध्ये बसले, त्यातले एक म्हणजे जे. बी. एस. हॅल्डेन.

जन्म ५ नोव्हेंबर १८९२, ऑक्सफर्ड. वडील जॉन स्कॉट हॅल्डेन हे श्वसनाचे मोठे अभ्यासक. खोल पाण्यातून वर येताना पाणबुड्याने कुठं किती थांबायचं, याचं कोष्टक त्यांनीच बनवलं. प्रयोगासाठी ते स्वतःला वापरायचे आणि पोरालाही. पोरगं लहानपणीच पाणबुड्याचा सूट चढवून समुद्रात उतरलं होतं.

पुढे हॅल्डेन यांचं नाव झालं ते जनुकशास्त्रात. पण १ जून १९३९ ला थेटिस ही ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलजवळच्या समुद्रात बुडाली. ९९ जण गेले. ते नेमके कशाने मेले, हे शोधायचं काम हॅल्डेन यांच्याकडे आलं. त्यांनी स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेले चार जण सोबत घेतले, कारण ही माणसं घाबरून ओरडणार नाहीत याची त्यांना खात्री होती. आणि सगळे चेंबरमध्ये जाऊन बसले.

मग महायुद्ध पेटलं आणि नौदलाने पुढचं काम दिलं. हॅल्डेन कट्टर कम्युनिस्ट होते, तरीही! दाबाखालच्या ऑक्सिजनला चव असते, हेही त्यांनी याच काळात नोंदवलं. एकदा ऑक्सिजनमुळे असा झटका आला की पाठीचे मणके चेपले. ते दुखणं पुढे जन्मभर राहिलं. कानाचे पडदे फाटले, तर ते गमतीने सांगायचे की आता कानातून तंबाखूचा धूर काढता येतो. त्यांच्या सहकारी हेलन स्पर्वे याही या प्रयोगांत होत्या. पुढे दोघांनी लग्न केलं.

आज चेंबरमधल्या पेशंटला मध्येमध्ये काही मिनिटं साधी हवा देतात, ती याच झटक्यांच्या भीतीने.

कॅन्सरच्या दवाखान्यात हे तंत्र आलं १९५५ च्या सुमारास, लंडनमध्ये. तेव्हा हेतू वेगळा होता. गाठीत ऑक्सिजन जास्त असेल तर रेडिएशन चांगलं काम करतं, म्हणून पेशंटला चेंबरमध्ये ठेवून शेक द्यायचे. दुष्परिणामांवर वापर नंतर वाढला. पण ही थेरपी रामबाण नाही. २०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात रेडिएशनमुळे मूत्राशयाचा त्रास झालेल्यांना तिचा फायदा दिसला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात, शेक घेतलेल्या जबड्यावर दातांची शस्त्रक्रिया करताना हाड वाचवायला ती उपयोगी पडली नाही.

हॅल्डेन मात्र १९५७ मध्येच भारतात आले होते. आधी कोलकात्यात महालनोबिस यांच्या संस्थेत, मग भुवनेश्वरला. कुर्ता घालू लागले, मांसाहार सोडला, भारताचं नागरिकत्व घेतलं. आणि मग त्यांनाच कॅन्सर झाला, गुदाशयाचा. लंडनमध्ये ऑपरेशन झालं. दवाखान्यातच त्यांनी कॅन्सरवर चक्क विनोदी कविता लिहिली, लोकांनी लाजून डॉक्टरकडे जायला उशीर करू नये म्हणून. १९६४ मध्ये ती छापूनही आली.

१ डिसेंबर १९६४ ला भुवनेश्वरमध्ये ते गेले. देह वैद्यकीय अभ्यासासाठी द्यायचा, हे त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. तो आंध्रातल्या काकीनाडाच्या मेडिकल कॉलेजला देण्यात आला.